शोधाची पहिली रात्र

घरातून गेलेले तरुण मूल सांज झाली तरी परतत नाही, तेव्हा त्या घरावर जी अवकळा येते तिचे वर्णन करणे कठीण आहे. देवापुढे निरांजन लागते, पाने वाढली जातात, पण घास कोणाच्या घशाखाली उतरत नाही. नातलग, मित्र, बसस्थानक, इस्पितळ अशी सारी ठिकाणे धुंडाळून झाली की मायबापांची पावले पोलीस ठाण्याकडे वळतात. तेथे त्या पहिल्या रात्री त्यांना काय ऐकावे लागते, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते.

या संदर्भात तेलंगणातील जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे स्मरण होते. हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ आहे, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा व किनवट हे तालुके याच जिल्ह्यातून तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. २०१६ साली त्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्यांपैकी आसिफाबाद जिल्ह्यातील लिंगापूर भागात २४ नोव्हेंबर २०१९ रोजी, गावोगाव किरकोळ वस्तू विकून पोट भरणारी एक तरुण विवाहिता बेपत्ता झाली. पती तिचा शोध घेत राहिला. दुसऱ्या दिवशी सापडला तो तिचा मृतदेह. अत्याचार करून तिचा खून करण्यात आला होता.

तीनच दिवसांनी हैदराबादजवळ एक तरुण पशुवैद्यक रात्री घरी परतली नाही. तिचे आप्त तक्रार घेऊन गेले असता हद्द कोणाची, यावरच वेळ दवडला गेला. पुढे या दिरंगाईबद्दल तीन पोलिसांना निलंबित करण्यात आले. या दुसऱ्या घटनेने सारा देश हादरला. पहिलीची दाद मात्र आदिलाबादच्या लोकांना रस्त्यावर उतरून मागावी लागली. अखेर आदिलाबाद येथील विशेष न्यायालयाने ३० जानेवारी २०२० रोजी तिघांना फाशीची शिक्षा ठोठावली. हैदराबाद प्रकरणातील चार संशयित मात्र न्यायालयापुढे उभे राहण्यापूर्वीच ६ डिसेंबर २०१९ रोजी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने पुढे त्या चकमकीच्या कहाणीवर विश्वास ठेवण्यास नकार दिला. ज्या चपळाईची गरज पहिल्या रात्री होती, ती दहाव्या दिवशी बंदुकीच्या नळीतून दाखवण्यात काय पुरुषार्थ, असा प्रश्न आम्हाला पडतो.

कायदा या बाबतीत अगदीच मुका आहे असे नाही. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हरवलेल्या बालकाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि अपहरण वा अपव्यापार झाला आहे असे गृहीत धरूनच तपास सुरू करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीची सबबही उरू दिलेली नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने नोंदवून घेतली पाहिजे. चोवीस तास वाट पाहा, असे सांगणारा नियम तर कोठेच नाही.

खरी फट आहे ती अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. सतरा वर्षांच्या मुलीसाठी गुन्हा नोंदवला जातो. एकोणीस वर्षांची हरवली तर बहुधा नोंदवहीत एक ओळ पडते आणि ‘गेली असेल कोणाबरोबर, येईल परत’ असे सांत्वन मिळते. मुलांच्या शोधासाठी तेलंगणात दर जानेवारीस आणि जुलैत विशेष मोहिमा निघतात, त्याही बालकांपुरत्याच. वाढदिवसाच्या एका दिवसाने संकट कमी होते काय?

यावर असे म्हटले जाते की सज्ञान व्यक्तीला घर सोडण्याचा हक्क आहे. तो आहेच, आणि तो आम्हाला मान्य आहे. परंतु शोधणे म्हणजे पकडून आणणे नव्हे. ती व्यक्ती सुखरूप आहे आणि स्वेच्छेने गेली आहे, एवढे जाणून घेऊन तिची इच्छा नसल्यास तिचा ठावठिकाणा घरच्यांना न सांगणेही पोलिसांना शक्य आहे. आधी शोध घ्यावा, निष्कर्ष मागाहून काढावा. आपल्याकडे क्रम उलटा लागतो.

गोव्याने हा धडा परदु:ख म्हणून वाचू नये. २००८ साली हणजूण किनाऱ्यावर एका अल्पवयीन ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला, तेव्हा ती बुडून मेली असे सांगून पोलीस मोकळे झाले होते. आईने हट्ट धरला म्हणून दुसरी शवचिकित्सा झाली, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने एका आरोपीला दोषी ठरवले. पत्रादेवी आणि पोळे ही आपल्या राज्याची दोन टोके. हरवलेले माणूस काही तासांत ती ओलांडून जाऊ शकते. भ्रमणध्वनीचा माग विरतो, कॅमेऱ्यातले चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, साक्षीदारांच्या आठवणी धूसर होतात. म्हणून वयाचा, जातीचा, चारित्र्याचा वा हद्दीचा प्रश्न न विचारता पहिल्या तासातच तपास सुरू व्हावा आणि टाळाटाळ करणाऱ्याला जाब द्यावा लागावा, असा स्पष्ट आदेश सरकारने काढावा. दारात दिवा लावून बसलेल्या आईला यापेक्षा अधिक काही नको असते.