पेटीला गळा नाही म्हणून?

"पेटीवर मींड निघत नाही, तेव्हा तिने साथीपुरतेच राहावे." संमेलनाच्या तालमीत हे वाक्य इतक्या सहज टाकले जाते की कोणी ते तपासून पाहत नाही. मला ते मुळीच मान्य नाही, आणि माझा साक्षीदार दोनशे वर्षांहून जुना आहे.

१७८९ साली कलकत्त्यास विल्यम हॅमिल्टन बर्ड नावाच्या संगीतकाराने 'ओरिएंटल मिसेलनी' हे पुस्तक छापले. कंपनीच्या अमदानीत गोऱ्या लोकांच्या कानी पडलेल्या रेखता, टप्पा, तराणा, रागिणी अशा ३० चिजा त्यात हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेल्या आहेत. हे वाद्य पियानोच्या आधीचे. पट्टी दाबली की आत पिसाच्या देठाची नखी तार छेडते. सूर उमटतो आणि लगेच विरतो. बोट हलके ठेवा की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. मींड तर नाहीच.

जेन चॅपमन यांनी वाजवलेले या चिजांचे ध्वनिमुद्रण २०१५ साली निघाले. सुट्टीत बुऱ्हाणपूरला, सिंधीपुऱ्यातल्या घरी मी ते ऐकले. काही चिजा अक्षरशः खिळे ठोकून बसवल्यासारख्या वाटतात. आलापाची ऐसपैस चाल गेली, खाली डाव्या हाताचे परके ठोके आले. या चिजा तालात बसवताना फार कष्ट पडले, अशी तक्रार बर्डने प्रस्तावनेत केली आहे. (तक्रार स्वतःच्या कानांविषयी केली असती तर बरे झाले असते!)

पण चीज मुळातच नाचरी, तुटक बोलांची असली की हेच वाद्य खुलते. ते गळ्यापेक्षा सतारीला जवळचे आहे. मिजराबीने छेडल्यासारखा एकेक सूर स्वच्छ, सुटा येतो. सूर टिकत नाही म्हणून त्याचे वादक सुराभोवती बारीक हरकती गुंफतात. बाख, स्कार्लाती यांनी अठराव्या शतकात या वाद्याच्या अशा मर्यादांतूनच शैली घडवली. बर्डच्या रचना पडतात त्या गळ्याची नक्कल करू पाहतात तेथे.

पेटीचे उलट आहे. भाता चालतो तोवर सूर टिकतो, पण वाकत नाही. या 'दोषा'पायी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवले. तरीही गोविंदराव टेंबे, पी. मधुकर आणि आपल्या बेळगावचे रामभाऊ बिजापुरे यांनी बोटांच्या चपळाईने तिला स्वतःची बोली दिली. बिजापुऱ्यांचे एकल वादन ऐकताना मींड आठवत नाही.

असे असता, एका स्पर्धेत माझ्या मैत्रिणीने पेटीच्या एकल वादनासाठी नाव दिले, तर "गायकाच्या मागे बस" असे उत्तर मिळाले. सतारीला कोणी "शब्द उच्चारून दाखव" म्हणतो काय? आपल्या कलामंडळाने तरी येत्या संमेलनात एकल पेटीला पंधरा मिनिटे द्यावीत. कानडी विभागातही उत्तम पेटीवादक आहेत. जुगलबंदी झाली तर माझी हरकत नाही.