पानावरचं मेण आणि जुना पाऊस

उन्हाळा तोंडावर आला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवरची मुलं घरी ऐकून येतात, की पूर्वी पाऊस फार पडायचा, आता तसा राहिला नाही. मग विचारतात, "मॅडम, खरंच पडायचा का?"

प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. शहापूर तालुक्यात तानसा, मोडक सागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं आहेत. वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरी मे महिन्यात याच तालुक्यातल्या गावांत टँकरच्या वाटेवर हंडे रांगेत लावलेले असतात. पाऊस कमी झाला, की पडलेलं पाणी अडवायचं राहून गेलं? दादी-नानीची आठवण साठ-सत्तर वर्षं मागे जाते. भारतीय हवामान विभाग १८७५ सालचा. त्याआधी मोजलेला पाऊस तुरळक ठिकाणचा. मग हजारो वर्षांमागचं कोण सांगणार?

झाडांची पानं सांगतात. अळूवड्यांसाठी पानं धुताना पाण्याचा थेंब कसा मोत्यासारखा घरंगळतो, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पानाला पाणी चिकटत नाही ते त्यावरच्या बारीक थरामुळे. मराठीत मेण म्हणा, उर्दूत मोम म्हणा. ऐन, आंबा, बांबू, माळावरचं गवत, सगळ्यांच्या पानांवर कमी-जास्त मेण असतंच, कारण पानातलं पाणी उन्हात उडून जाऊ नये याची सोय तेच करतं. पान कुजतं, मेण सहजासहजी कुजत नाही. कार्बनचे २७, २९, ३१ अणू एका माळेत ओवलेली ही रसायनं. वाऱ्याबरोबर, पावसाच्या पाण्याबरोबर ती ओढ्यात जातात, तिथून तळ्यात नाहीतर समुद्रात, आणि तळाच्या गाळात हजारो वर्षं पडून राहतात.

आता गंमत पुढे आहे. हवेतल्या कार्बनमध्ये शंभरातला साधारण एक अणू जरा जड असतो. त्याला कार्बन-१३ म्हणतात. बाकी जवळजवळ सगळा हलका, कार्बन-१२. जंगलातली झाडं, भात, गहू यांना जड कार्बन फारसा आवडत नाही, हलका वेचून घेतात. नाचणी, वरी, ज्वारी, मका, ऊस आणि आपल्या माळावरची बहुतेक गवतं मात्र दुसऱ्या पद्धतीची. ती कार्बन आधी पकडून पानाच्या आतल्या पेशींत कोंडतात, त्यामुळे निवड करायला वाव कमी उरतो आणि जड कार्बनही आत जातो. या पद्धतीत पाणी कमी लागतं, म्हणून ही गवतं उष्ण, कोरड्या जागी तग धरतात. म्हणजे तांदळाची भाकरी आणि नाचणीची भाकरी यांच्यातला कार्बनसुद्धा एकसारखा नाही. आपल्या जिभेला ते कळणार नाही, यंत्राला कळतं.

शास्त्रज्ञ गाळाचा उभा दांडा काढतात, त्याच्या चकत्या करतात, द्रावकात मेण विरघळवून वेगळं काढतात आणि त्यातला जड-हलका कार्बन मोजतात. जड वाढला तर गवत वाढलं, हलका वाढला तर झाडी. मेणातला हायड्रोजन झाडाने प्यायलेल्या पाण्यातून येतो, त्यामुळे तो पावसाबद्दलही काही सांगून जातो. चकतीचं वय किरणोत्सारी कार्बनवरून काढतात.

महाराष्ट्रात हे काम झालं ते बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात. उल्का आदळून काळ्या कातळात पडलेला हा खड्डा. पाणी आत येतं, पण नदी होऊन बाहेर जात नाही, उन्हानेच उडतं. म्हणून पावसाचा हिशेब ठेवायला ही जागा फार चांगली. जर्मनीतल्या पॉट्सडामच्या आणि नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या सुमारे १० मीटर गाळातून ११ हजार वर्षं वाचली. त्यांचे निष्कर्ष २०१३ ते २०१५ या काळात प्रसिद्ध झाले. सुरुवातीची काही हजार वर्षं ओली, पुढे हळूहळू कोरडेपणा. त्यात दोन लांब कोरडे काळ ठळक दिसतात: ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. या काळात पाऊस बंद होता असं नव्हे. सरासरीने तो पिढ्यान् पिढ्या अशक्त राहिला. मुरबाडकरांना ओळखीची खूण सांगायची तर, नाणेघाटातून सातवाहनांच्या काळी व्यापारी चढत-उतरत होते, त्याच सुमाराला दुसरा काळ सुरू होतो.

कसारा घाट चढून इगतपुरीला गेलात की पाऊस गोदावरीच्या वाटेला लागतो आणि थेट बंगालच्या उपसागरात पोचतो. तिच्या मुखासमोरच्या समुद्रात २००६ साली एका जहाजाने गाळाचा दांडा काढला. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेच्या संशोधकांनी त्यातलं मेण तपासून २०१२ साली लिहिलं, की सुमारे ४००० ते १७०० वर्षांपूर्वीच्या काळात गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या हवेची झाडझुडपं वाढत गेली आणि पुढेही टिकून राहिली.

पण इथेच मला थांबून विचार करावासा वाटतो. मेण सांगतं की गवत वाढलं. ते का वाढलं, हे मेण सांगत नाही. पाऊस आटला तरी गवत वाढेल, आणि माणसाने जंगल तोडून ज्वारी पेरली तरी जड कार्बन वाढेल. दख्खनवर शेती पसरली तीही याच हजारो वर्षांत. एका साक्षीदारावर निकाल देता येत नाही. लोणारला दुसरा साक्षीदार सापडला: त्याच दोन कोरड्या काळांच्या गाळात गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक आहेत. पाणी खूप आटून खारट झालं की ते तयार होतात. नुसती कुऱ्हाड चालवून तळं असं आटत नाही, तेव्हा तिथे पाऊसच कमी झाला होता, असं मानायला आधार आहे.

आपल्या डोंगरांचं काय? साग-ऐनाचं रान तुटून गवताळ टेकडी झाली, तर तिथल्या ओढ्याच्या गाळातलं मेण बदलणार, वर पाऊस तेवढाच पडत असला तरी. आणि उघड्या टेकडीवरून पाणी थांबत नाही, त्यामुळे विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. घरी मग म्हणतात, पाऊस राहिला नाही. म्हणून या वर्षी आठवीच्या मुलांना मी पावसाबद्दल विचारायला सांगितलेलंच नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, की गावामागच्या उतारावर तुमच्या लहानपणी काय उगवायचं. झाडांची नावं लिहून आणा, आणि विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असायचं तेही. अकरा वह्या आल्यात. नऊ जणांनी पहिलं नाव ऐनाचं लिहिलं आहे.