हिवाळी ट्रिपसाठी सेकंड हँड गाडी: बर्फात भारी, पण दिल्लीच्या दारात अडकणारी

सेकंड हँड गाड्यांच्या कुठल्याही ॲपवर 'डिझेल' आणि 'फोर बाय फोर' हे दोन फिल्टर लावून बघा. डीएल पासिंगच्या गाड्या दिसतील, फोटो चकाचक, किंमत एमएच पासिंगच्या तशाच गाडीपेक्षा कमी. खाली लिहिलेलं असतं, 'एनओसी रेडी'. डोक्यात लगेच चित्र तयार होतं: डिसेंबरमध्ये चार मित्र, मनाली, बर्फ, रील. गाडी स्वस्त का आहे, हा प्रश्न मात्र टोकन भरल्यावर आठवतो.

उत्तर दिल्लीच्या हवेत आहे. पण तिथे दोन वेगवेगळे नियम आहेत आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये त्यांची पार खिचडी झाली आहे.

पहिला नियम गाडीच्या वयाचा. १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी दिल्ली-एनसीआरमध्ये चालवायची नाही. हरित लवादाचा हा आदेश २०१५ चा, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो उचलून धरला. अंमलबजावणी मात्र ढिली होती. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं. पंपांवर नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे लागले, गोंधळ उडाला, आणि काही दिवसांतच तो निर्णय लांबणीवर पडला. १२ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने केवळ वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं. मग १७ डिसेंबर २०२५ ला त्यात दुरुस्ती केली: हे संरक्षण फक्त बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांवर कारवाई करता येईल.

म्हणजे बीएस-४ सुटली? वयाच्या नियमातून, हो. पण दुसरा नियम वेगळाच आहे आणि तो नेमका हिवाळ्यातच लागतो. त्याचं नाव ग्रॅप. हवेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, जसा चढतो तसे निर्बंध टप्प्याटप्प्याने वाढतात. ४०१ ते ४५० हा तिसरा टप्पा. तो लागू झाला की दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर, म्हणजे नोएडाचा जिल्हा, इथे बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकी चालवायला बंदी. गाडी पाच वर्षं जुनी आहे की दहा, याला इथे अर्थ नाही. सापडलात तर दिल्लीत २० हजारांचा दंड. त्यावर १८ डिसेंबर २०२५ पासून दिल्ली सरकारने आणखी एक पाचर मारली: ग्रॅपचे कडक टप्पे लागू असताना, बाहेर नोंदणी झालेल्या आणि बीएस-६ नसलेल्या खासगी गाड्यांना शहरात प्रवेश नाही. इथे पेट्रोलवाल्यांनाही सूट नाही. तुमची एमएच पासिंगची बीएस-४ स्विफ्टसुद्धा त्यात आली.

आता खरी पंचाईत बघा.

बर्फासाठी जी हवी, तीच नको

बजेटमध्ये बसणारी, चालवायला मजा देणारी आणि बर्फात दम असलेली सेकंड हँड गाडी कुठली, असं चार गाडीवेड्यांना विचारा. त्यातले निदान दोघे रेनो डस्टर एडब्ल्यूडी म्हणतील, आणि ते चूक नाहीत. ११० पीएसचं दीड लिटर डिझेल इंजिन, सहा गिअर, मुद्दाम ठेंगणा ठेवलेला पहिला गिअर, मागे स्वतंत्र सस्पेन्शन, आणि टू-व्हील, ऑटो, लॉक असं फिरवायचं एक साधं बटण. खड्ड्यातून ही गाडी अशी जाते की पुढच्या गाडीवाल्याला वाईट वाटावं.

पण बीएस-६ देशभर लागू झालं १ एप्रिल २०२० ला. त्या वेळी रेनोने भारतात डिझेल सोडून दिलं, आणि नंतरच्या बीएस-६ डस्टरमध्ये फक्त पेट्रोल आणि फक्त पुढच्या चाकांना ताकद. म्हणजे बाजारात दिसणारी प्रत्येक जुनी डस्टर एडब्ल्यूडी डिझेलच आहे आणि बीएस-६ नाही. बर्फासाठी सगळ्यात शहाणी गाडी बर्फाच्या मोसमातच राजधानीच्या वेशीवर थांबणार. फोर्ड फिगोचं दीड लिटर, १०० पीएसचं डिझेल असंच लाडकं. तिथेही एप्रिल २०२० च्या अलीकडची आहे की पलीकडची, यावर सगळं ठरतं.

मग या गाड्या घ्यायच्याच नाहीत का? माझं मत असं: तुम्ही पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात राहता, वर्षभर आंबोली-महाबळेश्वर-भंडारदरा करणार आणि उत्तरेला एखादीच फेरी होणार, तर चांगली ठेवलेली डस्टर आजही पैसे वसूल करते. महाराष्ट्रात दहा वर्षांची डिझेलबंदी नाही. मनालीला जायचंच तर जयपूरहून कोटपुतली, नारनौल आणि तिथून १५२-डी हा महामार्ग धरून अंबाल्याकडे निघता येतं. त्यात गुरुग्राम आणि दिल्ली दोन्ही टळतात, आणि रस्ताही झकास आहे. मॅपवर मात्र हे हाताने टाकावं लागतं, कारण मॅपला तुमची गाडी बीएस-४ आहे हे ठाऊक नसतं.

पण पुढे विकायचा विचार असेल तर सावध. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर क्षेत्रात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला समिती नेमली. उद्याच बंदी येईल असं नाही. पण जुन्या डिझेलचा भाव पाडायला अशी एक बातमी पुरते. आणि डीएल पासिंगची गाडी घेतली तर एनओसी, इथला रोड टॅक्स, आरटीओच्या फेऱ्या हे सगळं धरून हिशोब करा. डिझेलला टॅक्सचा दर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. 'स्वस्त' गाडीतली बरीच बचत इथेच विरघळते.

मग मजा कशात?

मजा म्हणजे टॉप स्पीड नव्हे. हलकी गाडी, हातात खेळणारा गिअर आणि वळणावर बोलणारं स्टिअरिंग. या निकषावर २०२० ते २०२२ मधली पोलो एक लिटर टीएसआय आजही अफलातून आहे: ११० पीएस, पेट्रोल, बीएस-६. पोलोचं उत्पादन इथे २०२२ मध्ये थांबलं, म्हणून भाव चढे आहेत आणि विकणाऱ्यांचा रुबाबही.

बर्फाचा हट्ट असेल तर मी जिम्नीकडे बोट दाखवेन. जून २०२३ ला आलेली, पेट्रोल, बीएस-६, प्रत्येक मॉडेलला फोर बाय फोर आणि लो रेंज गिअर. वजन जेमतेम बाराशे किलोच्या आसपास. एक्सप्रेसवेवर ती कंटाळवाणी आहे, चढावर ओव्हरटेक करताना देवाचं नाव घ्यावं लागतं. पण नवीन असताना कंपनीने तिच्यावर मोठमोठ्या सवलती दिल्या, त्यामुळे जुनी घेताना घासाघीस करायला भरपूर जागा आहे. विकणारा मूळ शोरूम किंमत सांगत असेल तर त्याने प्रत्यक्षात किती मोजले, ते बिलावर बघा.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. फोर बाय फोर गाडी बर्फात सुटायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक मारल्यावर चारही गाड्या सारख्याच घसरतात, कारण रस्त्याला धरून असतं ते फक्त टायर. साधारण सात अंशांखाली आपल्याकडच्या नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि पकड कमी होते. बर्फ पडला की सोलंगच्या पुढे, अटल बोगद्याकडे पोलीस बऱ्याचदा फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात. चेन ताकद जाणाऱ्या चाकांना लावायची, म्हणजे पोलोला पुढे. आणि ती घरी पार्किंगमध्ये एकदा लावून बघा, उणे पाचमध्ये बोटं सुन्न झाल्यावर शिकता येत नाही.

महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांचा एक खास रोग सांगतो: रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी. इथे काही बिघडत नाही. केलाँगला रात्री गाडी उभी राहिली की तेच पाणी गोठून फुगतं आणि इंजिन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. झाकण उघडून रंग बघा (गार इंजिन असताना!). डिझेलवाल्यांना वेगळी कटकट: कडक थंडीत साधं डिझेल घट्ट होतं. इंडियन ऑइलने लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं ते यामुळेच. टाकीत नाशिकचं डिझेल घेऊन तिकडे रात्र काढू नका.

फोनवरून काय तपासाल

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. बहुतेक जण मालक कितवा आणि विमा कधीपर्यंत एवढंच बघतात. तुम्ही इंधन नॉर्म्सची ओळ बघा: बीएस-४ की बीएस-६, हे तिथे लिहिलेलं असतं. विकणाऱ्याच्या तोंडी '२०२० मॉडेल' याला किंमत नाही, कारण त्या वर्षी दोन्ही विकल्या गेल्या. कर्जाचा बोजा, थकलेली चलनं, ब्लॅकलिस्ट, हेही तिथेच आणि परिवहनच्या चलन साइटवर. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी प्लेट लागली आहे का तेही विचारा.

दुसरी गोष्ट, ब्लूटूथ ओबीडी डोंगल. थोडक्या पैशांत मिळतो, स्टिअरिंगखाली लावायचा, टॉर्क किंवा कार स्कॅनरसारख्या ॲपला जोडायचा. नुसता 'एरर नाही' हा हिरवा टिक बघून खूश होऊ नका. एरर कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा शोधा. तिथे १२ किंवा २० दिसलं तर कुणीतरी कालच कोड पुसले आहेत. कशासाठी, ते विकणाऱ्याला विचारा आणि गाडी मेकॅनिककडे न्या.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी एवढे जुने टायर घेऊन पंजाब-हरियाणाच्या धुक्यात शिरू नका. तिकडे हिवाळ्यात बर्फापेक्षा धुक्याचीच धास्ती जास्त. हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत दिसते. लो बीम आणि फॉग लॅम्प चालू ठेवा, आणि काच धुरकटली की एसी लावा, थंडी असली तरी.

निघायच्या आदल्या दिवशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर दिल्लीचा एक्यूआय बघा. साडेतीनशेच्या पुढे सरकत असेल आणि तुमची गाडी बीएस-४ असेल, तर पीयूसी हाताशी ठेवा आणि नारनौलचा रस्ता आधीच मॅपवर टाकून ठेवा.