पडलेला शिपाई परत येऊ नये

पालक मंडळी, 'गेम' म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते. पण सगळे गेम सारखे नसतात. 'फायर एम्ब्लेम : थ्री हाउसेस' (२०१९) आम्हांला बुद्धिबळाच्या जवळचा वाटतो. चौकोनांचा पट, आधी आपली पाळी, मग शत्रूची. घड्याळाची घाई नाही. घाव किती बसेल, नेम लागण्याची शक्यता किती टक्के, हे हल्ल्याआधीच पडद्यावर दिसतं.

फक्त इथल्या प्याद्यांना नावं आहेत. आपण मास्तर. विद्यार्थ्यांना शिकवायचं, त्यांच्याबरोबर चहा घ्यायचा आणि महिनाअखेरीस त्यांनाच लढाईवर न्यायचं!

ही मालिका जपानमध्ये १९९० साली सुरू झाली. मूळ नियम असा, की पडलेला शिपाई गेला तो गेलाच. २०१० साली 'कॅज्युअल' प्रकार आला. त्यात पडलेले सगळे पुढच्या लढाईला हजर. आमचं स्पष्ट मत : मुलांना 'क्लासिक'च खेळू द्या. 'कॅज्युअल'मध्ये मुलं वाटेल त्याला पुढे ढकलतात. 'क्लासिक'मध्ये तीच मुलं एका चालीसाठी दहा मिनिटं बोटं मोडत बसतात. काळ मागे फिरवायची सोय त्यातही आहे, पण मोजक्या वेळा, म्हणून ती जपून वापरावी लागते. (आम्हां प्रोग्राम लिहिणाऱ्यांना 'अन्डू' फुकट मिळतो, आणि तो आम्ही तसाच उधळतो.)

आवडता भालाईत गेला की रडू येतं, हे खरं. अमेरिकेत खोक्यावर 'टीन' छापलेलं असतं. तेरा वर्षांखालच्यांना नकोच.

मुलांनो, 'क्लासिक'वर एकही शिपाई न गमावता कुणी खेळ संपवला असेल, तर कसा ते पुढच्या वर्गात मराठीतून सांगा.