पोच

आपल्या मराठीत 'पोच' हा शब्द मोठा गमतीचा आहे. पत्र मिळाल्याचे उलट कळवणे ही पोच. आणि कोठे, कोणाशी, काय बोलावे याचे भान असणे हीही पोच. 'त्याला काही पोच नाही' असे आपण एखाद्याविषयी म्हणतो, तेव्हा त्याच्या नावची पत्रे टपालात गहाळ झाली असा त्याचा अर्थ नसतो. या सदरात मी एरवी शब्दांचीच उलटापालट करीत असतो, म्हणून सांगतो, की हे दोन अर्थ वरवर दिसतात तितके परस्परांपासून दूर नाहीत.

माझ्या मनात हा विचार आणला तो संगणकावरच्या फॉर्मांनी. हल्ली मुलाचा प्रवेश असो, विम्याची चौकशी असो, नाही तर पंखा दुरुस्त करणारा माणूस बोलवायचा असो; चौकोन भरावेत आणि खालचे बटण दाबावे. लगेच पडद्यावर अक्षरे उमटतात: 'धन्यवाद! आपली माहिती आम्हाला मिळाली आहे.' आपण निश्चिंत मनाने चहा घेतो. आठवडा जातो, पंखा तसाच थांबलेला असतो. शेवटी फोन केला, की पलीकडून गोड आवाजात उत्तर येते, "साहेब, आपल्या नावाची नोंदच नाही इथे." आता खरे कोणाचे मानायचे? पडद्याचे की त्या बाईंचे? खरी मौज ही, की दोघेही खरेच बोलत असतात!

त्याचे असे आहे. फॉर्म आणि ग्राहकांची नोंदवही ही एकाच वाड्यातली, पण दोन वेगळी दालने आहेत. फॉर्म हा ओटीवर बसलेला कारकून. कागद हाती पडताच तो 'मिळाला' म्हणतो, आणि तो मिळालेला असतोही. परंतु कागद माजघरात नेऊन वहीत उतरवणे हे तिसऱ्याच गड्याचे काम. हा गडी इतका आज्ञाधारक, की सांगितल्यापलीकडे एक पाऊल टाकणार नाही. आपल्याकडे एखाद्याचे पत्रिकेतले नाव वेगळे आणि हाक मारायचे वेगळे असते, तशी फॉर्मच्या प्रत्येक चौकोनाला दोन नावे असतात. 'आपला मोबाईल क्रमांक' हे आपल्याला दिसणारे. दुसरे पडद्यामागचे, यंत्रापुरते. फॉर्मची रचना १९९५ साली एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत नियमबद्ध झाली. ज्या चौकोनाला पडद्यामागचे नावच ठेवलेले नाही, त्यातला मजकूर पाठवला जात नाही, असा या शास्त्राचा दंडकच आहे. आपण भरभरून लिहावे आणि त्याने जागचे हलू नये!

गड्यापाशी एक यादी असते. अमुक नावाचा मजकूर तमुक रकान्यात लिही, एवढेच त्याला ठाऊक. एखादा उत्साही माणूस फॉर्म सुबक करायला बसतो आणि जाता जाता पडद्यामागचे एक नाव बदलतो. यादी मात्र जुनीच राहते. गडी जुने नाव शोधतो, ते सापडत नाही, आणि तो रकाना कोरा ठेवून पुढे जातो. तक्रार नाही, आरडाओरडा नाही. वहीत तो रकाना भरलाच पाहिजे असा नियम असला, तर तो सबंध कागदच बाजूला टाकतो. कधी माजघराची किल्लीच बदललेली असते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावचा परवाना बंद झाला, की त्या दिवसापासूनचा एकूण एक कागद उंबऱ्याशी अडतो. ओटीवरचा कारकून मात्र सगळ्यांना 'धन्यवाद' म्हणतच असतो.

तारखांचा घोळ याहून नाजूक. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकन माणूस महिना आधी. वही तिकडच्या रीतीची असेल तर आपली २५ तारीख ती परत फेकते, कारण पंचविसावा महिना नसतो. हे बरे, चूक निदान कळते. परंतु ५ नोव्हेंबर ही तारीख ती गुमान ११ मे म्हणून लिहून घेते. नाकारलेल्या नोंदीपेक्षा चुकीची स्वीकारलेली नोंद अधिक घातक, हे संसारातले सत्य येथेही लागू पडते.

हे सारे दुकानदारांचे दुखणे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. म्हणून एक घडलेली हकिकत सांगतो. आमच्या ओळखीच्या एक काकू दिवाळीचा फराळ करून विकतात. त्यांच्या चकलीविषयी येथे लिहीत नाही, नाही तर लेखाचा विषय बदलेल. परदेशी असलेल्या मुलांना इकडच्या आईवडिलांसाठी मागणी नोंदवता यावी, म्हणून त्यांच्या भाच्याने एक फॉर्म करून दिला आणि मागण्या ग्राहकांच्या वहीत आपोआप उतरतील अशी योजना केली. अमेरिकेतल्या एका मुलाने दोन डबे सांगितले. एक आईवडिलांकडे, एक बहिणीकडे. दोन्ही वेळा पैसे भरले, दोन्ही वेळा 'धन्यवाद' वाचले. बहिणीचा डबा पोचला. वडिलांकडे नरकचतुर्दशी उजाडली, पाडवा झाला, भाऊबीज सरली, डबा आला नाही. मुलाला वाटत होते, पोचला; फोनवर ते काही बोलले नाहीत एवढेच. वडिलांना वाटत होते, यंदा विसरला. आणि अशी गोष्ट तोंडाने कशी मागायची? मध्यमवर्गीय घरातला अबोला हा असा असतो. त्यात राग नसतो, फक्त संकोच असतो. पंधरा दिवसांनी बहिणीच्या बोलण्यात सहज डब्याचा विषय निघाला, तेव्हा उलगडा झाला.

कारण क्षुल्लक होते. ती वही माणूस ओळखीत होती ईमेलवरून. एक ईमेल म्हणजे एक गिऱ्हाईक. मुलाने दुसऱ्यांदा फॉर्म भरला तेव्हा वहीने त्याला ओळखले आणि त्याचा 'जुना' पत्ता पुसून 'नवा' लिहिला. तिच्या मते त्याने घर बदलले होते! सबंध कुटुंबात मिळून एकच ईमेल वापरणाऱ्या आपल्या घरांना हा नियम किती महाग पडत असेल, ते पाहा. नवऱ्याची मागणी बायकोच्या मागणीवर बसते आणि एकीची दुसरीला वार्ता नसते.

भाचा शहाणा. त्याने वहीला हात लावण्याआधी फॉर्मचे मूळ कागद काढले. सुदैवाने प्रत्येकाची एक नक्कल ईमेलने वेगळी येत होती. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला नोंदी, असा ताळा त्याने घातला, तेव्हा आणखी काही मागण्या हरवलेल्या निघाल्या. एका आजोबांनी फोनचा क्रमांक मराठी आकड्यांत लिहिला होता. वहीला इंग्रजी आकडेच कळत. वसईच्या एका गिऱ्हाईकाच्या 'डि'सोझा' आडनावातला वरचा स्वल्पविराम यंत्राला मजकूर संपल्याची खूण वाटला आणि पुढचा सगळा अर्थ बिघडला. दोष ना आजोबांचा, ना आडनावाचा. नाव माणसाचे असते. ते वहीला पेलले पाहिजे.

हे फराळाचे झाले. पण २०२० साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात असेच घडले, तेव्हा गंमत उरली नाही. प्रयोगशाळांतून करोनाचे निकाल येत होते आणि ते एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलीत भरले जात होते. त्या फाइलीत ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. उरलेले मुकाट्याने गळले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ बाधित दैनंदिन गणतीत आलेच नाहीत. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता. पण त्यांच्या सहवासात आलेल्यांना सावध करणाऱ्यांकडे ती नावे वेळेवर पोचली नाहीत. ओटीवर सगळे ठीक, माजघरात अंधार.

मग उपाय काय? उपाय आपल्या जुन्या जमाखर्चातच आहेत. पहिला, कागद हाती येताच त्याची नक्कल ठेवावी आणि मगच तो पुढे पाठवावा. म्हणजे वाटेत काहीही झाले तरी मूळ हरवत नाही. दुसरा, 'चाचणी' अशा ठसठशीत नावाने एक खोटा फॉर्म भरावा आणि तो ओटीपासून माजघरापर्यंत पायरी पायरीने पाहत जावे. जेथे तो दिसेनासा होतो तेथेच भोक आहे. इतरत्र खणू नये. तिसरा, भोक बुजल्यावर राहिलेले कागद पुन्हा पाठवताना आधी पोचलेले वगळावेत, नाही तर एका घरी दोन डबे जातील. माणूस आणि त्याची मागणी यांचे रकानेही वेगळे ठेवावेत. आणि चौथा, सर्वांत साधा: रोज रात्री आलेले फॉर्म किती आणि उतरलेल्या नोंदी किती, हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. काकू आता हे रोज करतात. पूर्वीचे दुकानदार रोजमेळ जुळल्याशिवाय फळी लावीत नसत, ते उगाच नव्हे.

टपालखात्याची जुनी पोचपावती आठवते ना? ती पत्र पेटीत पडल्याची नसे. ज्याचे पत्र त्याच्या सहीनिशी ती परत येई. यंत्रांनीही 'मिळाले' हा शब्द नोंद वहीत उतरल्यावरच उच्चारावा, आणि उतरली नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. एवढे त्यांना शिकवले तर त्यांना पोच आली असे मी म्हणेन.

तोवर वाचकहो, आपण आपली पोच वापरावी. पडद्याने धन्यवाद दिले तरी घरी एक फोन करून विचारावे, "डबा मिळाला का?" आणि मिळाला नसेल, तर पलीकडच्यांनी संकोच न करता सांगावे.