गव्हाणीचा वेग बेताबेताने वाढू द्या

सभासद बंधू-भगिनींनो,

गळिताच्या दिवसांत गाड्या तुंबल्या की एकच तक्रार कानी येते : "साहेब, एवढी महागडी यंत्रणा बसवली, मग बटन दाबताच गव्हाण पळत का नाही?" गाडीतला ऊस वाळला की वजन घटते आणि झळ तुम्हालाच बसते. तक्रार रास्त आहे. तरी माझे मत असे की, गव्हाण हळूहळू वेग घेते तेच बरोबर आहे.

कंट्रोल रूममधून मोटारीला वा व्हॉल्व्हला हुकूम जातो तो विजेच्या बारीक प्रवाहातून. ४ मिलिअँपियर म्हणजे शून्य, १२ म्हणजे निम्मे, २० म्हणजे पूर्ण. शून्यालाही ४ ठेवले, कारण तार तुटली तर प्रवाह खरोखरच शून्यावर येतो आणि बिघाड लगेच कळतो. आता वेग ५० टक्क्यांवरून ७५ वर न्यायचा, म्हणजे १२ चे १६ करायचे. हे एका झटक्यात करता येते, किंवा सेकंदाला १ टक्का या चालीने २५ सेकंदांत. या चालीलाच 'रॅम्प' म्हणतात.

उपसा योजनेच्या लाइनीवरचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाइप फुटतो, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. इथेही तेच. गव्हाण एकदम पळाली तर कटरवर उसाचा ढीग येतो, मोटारीवर ताण पडून ती ट्रिप होते, आणि दोन मिनिटे वाचवायला जाऊन अर्धा तास मिल उभी राहते. रसाचा ओघ उसळला की चुन्याचा मेळ बिघडतो. चुना कमी पडला तर साखर फुटते, जास्त झाला तर रंग बिघडतो. उतारा घटला की उसाच्या दरावरच गदा.

मात्र हळू म्हणजे रेंगाळत नव्हे. चाल फार मंद ठेवली तर मिलला ऊस कमी पडतो. आणि धोक्याच्या वेळी बंद करण्याच्या बटनाला रॅम्प मुळीच नको. तिथे तात्काळ थांबलेच पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे असे की, ही चाल चाचणी घेऊन ठरवावी, रजिस्टरात नोंदवावी, आणि गर्दी बघून पाळीगणिक कुणी बदलू नये. कुणा पुढाऱ्याचा फोन आला तरीही नाही.

दुसरी बाजू आपल्याकडे आहे. सकाळी गव्हाण रिकामी आणि संध्याकाळी शंभर गाड्या, हा झटका कोणताही रॅम्प पचवू शकत नाही. तोडणीचा प्रोग्रॅम पाळा, पाचट-मातीविरहित ऊस पाठवा. यार्डातली गर्दी बटनाने हटणार नाही, शिस्तीने हटेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी