घरगुती शास्त्र : काचेच्या हौदाची गाळणी

ज्या घरांत मासा ताटांत चालत नाहीं, त्या घरांतही तो आतां दिवाणखान्यांत चालूं लागला आहे. आमच्या दुधनीसारख्या सीमेवरील गांवींही मुलें काचेच्या हौदासाठीं हट्ट धरतात. हौस निर्दोष आहे. परंतु जो जीव आपण कोंडला, त्याचा श्वास आपल्या हातीं आला. म्हणून कोणती गाळणी घ्यावी हा प्रश्न केवळ दुकानदारावर सोंपवूं नये.

गाळणी म्हणजे कचरा अडविणारें फडकें नव्हे. माशांच्या उत्सर्गापासून व कुजणाऱ्या अन्नापासून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो. गाळणींत वसणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. पहिले दोन पदार्थ माशांस घातक. तिसरा पुष्कळच सौम्य आणि वनस्पतींचें तर तें खतच. ही वसाहत बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंपर्यंत मासे थोडे असावेत.

जिवंत वनस्पती अमोनिया स्वतःही शोषून घेतात. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८५० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एका पात्रांत ठेविली होती. कुजकीं पानें पाणी नासवूं लागतांच त्यांनीं गोगलगाई सोडल्या आणि मेळ जमला. तात्पर्य, जेथें झाडें दाट व मासे मोजके, तेथें गाळणी ही स्वामिनी नसून मदतनीस असते.

आतां निवड. वाळूखालीं बसणारी गाळणी टाळावी. झाडांचीं मुळें तिच्या जाळींत गुंततात. काठावर टांगावयाची गाळणी चालेल, परंतु पाणी उंचावरून कोसळल्यास झाडांस हवा असलेला कार्बन डायॉक्साइड उडून जातो. यास्तव हौद कांठोकांठ भरलेला ठेवावा. बाहेर ठेवावयाची डब्याची गाळणी मोठ्या हौदास उत्तम, पण महाग. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी स्वस्त व साधी. तिचे बुडबुडे मात्र मंद ठेवावे. पंपाच्या गाळणीनें ताशीं हौदाच्या चौपट पाणी फिरविलें म्हणजे पुरे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच हौदांत सुमारें ५६ लिटर पाणी मावतें. त्यास ताशीं सव्वादोनशें लिटर पुष्कळ झालें.

वीज जाते तेव्हां मात्र गाळणीची खरी परीक्षा होते. बंद डब्यांतील प्राणवायु लवकर संपतो, जंतु मरूं लागतात आणि वीज येतांच तें नासलें पाणी हौदांत शिरतें. कित्येक तास वीज गेली असेल, तर डबा उघडून आंतील पाणी फेंकून द्यावें व मगच पंप सुरू करावा. त्यांतून उन्हाळा! २० अंश उष्णतेच्या पाण्यांत प्रतिलिटर सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहतो, ३० अंशांस साडेसातच. शिवाय रात्रीं झाडेंही प्राणवायु घेतात. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यांत लहान हौद ठेवणारांनीं म्हणूनच स्पंजाची गाळणी व बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप घ्यावा, असें माझें मत आहे. महागड्या डब्यापेक्षां ही जोडी अडचणीच्या रात्रीं अधिक उपयोगी.

गृहिणींस एक विनंती. स्पंज नळाखालीं चोळून लख्ख करूं नये. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन उपयुक्त जंतूंस मारतें. हौदांतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यांत तो हलकेच पिळावा. येथें सोंवळें उपयोगाचें नाहीं.

कल्याणीच्या चालुक्यवंशीय सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लासां’त मत्स्यविनोदाचें प्रकरण आहे. त्या राजाचा विनोद मासा गळास लावण्याचा होता. आपला विनोद त्यास जगविण्याचा असेल, तर गाळणीचा खर्च मुलांच्या खेळण्यांत न धरतां पाळल्या जिवाच्या पोटगींत धरावा.